सपाट आणि त्याची मगर

पार्कात त्याला सगळे सपाट म्हणत. हे नाव त्याच्या वडिलांनीच पाडलेलं, तेही लाडानं. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि पोराच्या हातात ब्रश आल्यापासून त्यांनी त्याला एकच गोष्ट घोकून घेतली होती: जे रंगवायचं ते आधी सपाट करून घ्यायचं. भिंत असेल तर घासायची, पत्रा असेल तर ठोकायचा, फळी असेल तर रंधा मारायचा. पोरानं हे इतकं मनावर घेतलं की पुढे त्याला फुगीर काही दिसलं की अस्वस्थ व्हायला लागलं. एकदा वडील डबा द्यायला पार्कच्या फाटकाशी आले आणि सगळ्या पाळण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली, "ए सपाट." झालं. त्या दिवसापासून पगाराचा कागद सोडला तर त्याचं खरं नाव कुठेच उरलं नाही.

पाट्यांचा धंदा छापील फलकांनी कधीच खाऊन टाकला होता. वडील घरी बसून शेजाऱ्यांच्या नावाच्या पाट्यांना नावं ठेवत, आणि पोरगा पार्कात पाळण्यांचे खांब रंगवी, घसरगुंड्यांवर 'धावू नका' लिही, स्वच्छतागृहाकडे बाण काढी. बाण फार सुरेख काढायचा. पार्कच्या साहेबांनी त्याला आठवणींच्या दुकानाचं काम दिलं ते त्या बाणांवरूनच, असं तो सांगायचा. खरं म्हणजे दुकानाचा आधीचा चित्रकार नोकरी सोडून गेला होता आणि नवीन माणूस नेमायचा साहेबांना कंटाळा आला होता.

आठवणींचं दुकान पार्कातून बाहेर पडायच्या वाटेवरच होतं. दुकानातून गेल्याशिवाय घरीच जाता येणार नाही, अशी ती वाट काढलेली. पाण्यातली मोठी घसरगुंडीही तिथेच संपायची. माणूस नखशिखांत भिजून बाहेर आला की समोर कोरडे टी-शर्ट टांगलेले. आठवण वगैरे राहिली बाजूला, निम्मी माणसं ते थंडी वाजते म्हणून घेत.

त्या टी-शर्टांवर मगर असायची, कारण पार्कच्या फाटकाशी सिमेंटची मगर होती, जबडा उघडलेली, आणि प्रत्येक कुटुंब आपलं एक तरी लेकरू त्या जबड्यात बसवून फोटो काढायचं. जुन्या टी-शर्टावर ही मगर खिशाशी बारीकशी छापलेली होती. लोक विचारायचे, ही पाल का म्हणून.

"मोठी पाहिजे," साहेब म्हणाले. "छातीभर पाहिजे. लांबून पोरानं बघितली की रडलं पाहिजे. रडलं की आई घेऊन देते."

सपाटनं जीव ओतला. घरी जमिनीवर मोठा कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर रंगाचे डबे ठेवले आणि मगर थेट समोरून काढली: वर दोन मोठे, गोल, बाहेर आलेले डोळे, खाली नाकपुड्या, त्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत दातांची रांग. वडिलांनी चष्मा पुसून पाहिली. त्यांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटण्यासारखं, पण त्या दिवशी ते म्हणाले, "डोळ्यांत जीव आहे."

माल साहेबांच्या मेव्हण्याकडून छापून आला. पार्कात लागणारं प्रत्येक कापड, मग ते टी-शर्टाचं असो की लादी पुसायचं, मेव्हण्याकडूनच यायचं, आणि दोन्हींत फारसा फरक नसायचा. टी-शर्टाचं कापड तर असं, की डोळ्यांपुढे धरलं तर पलीकडे कोण उभं आहे ते कळायचंच, शिवाय तो आपल्यावर चिडलाय की नाही तेही कळायचं.

ज्या दिवशी नवा माल दुकानात लागला, त्याच दिवशी दुपारी काउंटरवालीनं सपाटच्या खोलीचं दार ढकललं. खोली म्हणजे पंपाच्या घराला लागून असलेला आडोसा. ही बाई पस्तिशीच्या आसपासची, अंगानं भरलेली, आणि तिच्या जिभेला साहेबसुद्धा वचकून असत. तिनं एक पुठ्ठ्याचं खोकं छातीशी घट्ट धरलं होतं.

"चित्रकार तुम्हीच ना?"

"हो मॅडम."

"मॅडम म्हणू नका. मॅडम म्हणणारी माणसं माल परत करायला आलेली असतात." तिनं खोकं खाली ठेवलं. दुकानातल्या माणसांनी दुकानातलाच माल अंगावर घालायचा असा नियम होता, त्यामुळे तिच्या अंगावर नवी मगर होती. "बघा."

सपाटनं पाहिलं, आणि मग छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"पंख्यावर काय आहे?"

"काही नाही."

"मग इकडे बघा. लाजायला तुम्हाला वेळ आहे, मला नाही. सकाळपासून उभी आहे मी काउंटरवर, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मगरीच्या डोळ्यांत डोळे घालून बोलतंय. एका आजोबांना तर मी बिलाचं तीनदा सांगितलं, त्यांना ऐकूच आलं नाही."

सपाटचे कान लाल झाले. मगरीचे डोळे जिथे यायला नको होते नेमके तिथे आले होते, आणि कागदावर नव्हते इतके बाहेर आले होते.

"कागदावर बरोबर होतं हो," तो म्हणाला.

"कागदाला काय असतं?"

"म्हणजे?"

"काही नसतं. तेच सांगतेय." तिनं खोकं पुन्हा छातीशी धरलं. "चला माझ्याबरोबर दुकानात. माणसं कशी असतात ते दाखवते."

त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आपलं चित्र चालताना-फिरताना पाहिलं. ढेरपोट्या माणसांवर मगरीचा जबडा असा काही ताणला गेला होता की आता ती पट्टा गिळणार असं वाटावं. काटकुळ्यांवर तीच मगर महिनाभर उपाशी असल्यासारखी घडीत बसलेली. एका बाईनं टी-शर्ट हातात घेतला, अंगाला लावून आरशात पाहिलं, आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू त्यानंच तो काढला आहे. फक्त लहान पोरांवर तो बरा दिसत होता, कारण त्यांचा शर्ट पँटमध्ये खोचला की जबडा आत जायचा आणि पाण्याबाहेर डोळे काढून बसलेली खरी मगर वाटायची. सपाटला त्याचंही श्रेय घेता येईना.

घरी वडिलांना सांगितलं. वडील इतके हसले की ठसका लागला आणि पाठीवर थापटून पाणी द्यावं लागलं. "चूक माझीच," ते डोळे पुसत म्हणाले. "पाटीला कधी ऊर नसतो. मी तुला सांगायचं राहूनच गेलं."

साहेबांना हसू आलं नाही. माल छापून झाला होता. मेव्हण्यानं तो परत घेणं शक्य नव्हतं; त्यानं आजवर स्वतः लग्नात दिलेला आहेरसुद्धा परत घेतला नव्हता, जरी तो निकृष्ट निघाला होता. तेव्हा काउंटरवालीनं युक्ती सांगितली: बायकांचा माल उलटा फिरवायचा. मागची बाजू पुढे. मगर पाठीवर जाईल, लेबल उसवून दुसरीकडे लावलं की काम झालं.

"आणि हे कोण करणार?" साहेबांनी विचारलं.

"ज्यानं काढलं तो," ती म्हणाली. "आणि मी, कारण त्याला सुई धरता येणार नाही."

मग गर्दी नसेल तेव्हा दोघं मालाच्या खोलीत गठ्ठ्यांवर बसून लेबलं उसवू लागली. फिरवल्यावर लक्षात आलं की पुढचा गळा खोल असतो आणि मागचा वर असतो, त्यामुळे उलटा टी-शर्ट घातला की जीव गुदमरतो. मग तिनं सगळे गळे कापून खोल केले. आता गळा पुढूनही खोल, मागूनही खोल, त्यामुळे तो खांद्यावरून ओघळायला लागला आणि बायका एका हातानं टी-शर्ट आणि दुसऱ्या हातानं पोर सावरत फिरू लागल्या. तिची युक्ती निम्मीच चालली. पण तसं तिला म्हणायची सपाटची छाती नव्हती, आणि एव्हाना त्याला म्हणावंसंही वाटत नव्हतं. त्या खोलीत बसायला त्याला आवडू लागलं होतं.

तिला एक नवरा होता. वारला नव्हता, तिनं रीतसर सोडला होता. का सोडला विचारलं तर म्हणायची, "धुवायला कपडे टाकायचा ते सगळे उलटे. मोजेसुद्धा." खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सपाटनं विचारलं नाही. त्याबद्दल तिनं त्याला मनातल्या मनात बरेच गुण दिले.

हे प्रकरण निवळतंय तोवर धुलाई झाली. म्हणजे गिऱ्हाइकांच्या घरी. एका सकाळी एक गृहस्थ भली मोठी पिशवी घेऊन काउंटरशी आले. शांत माणूस होता. त्यांनी पिशवीतून एक एक वस्तू काढून काउंटरवर मांडायला सुरुवात केली.

"हे माझे बनियन," ते म्हणाले. बनियन हिरवे होते. "हे पोरांचे मोजे." मोजे हिरवे. "ही उशीची खोळ. आणि हा सासूबाईंचा गाऊन. यावर मी काही बोलणार नाही, त्या घरी बोलतायत."

"एकत्र धुतलंत?" काउंटरवालीनं विचारलं.

"आम्ही एकत्र राहतो, म्हणून एकत्र धुतलं."

शेवटी त्यांनी मूळ टी-शर्ट काढला. हिरवा सगळा निघून गेला होता. मगर नव्हतीच. पांढऱ्या कापडावर नुसते पांढरट दात, काळी बुबुळं आणि दोन नाकपुड्या उरल्या होत्या.

"पोरं म्हणतात, मगर गेली आणि जाताना दात विसरली," गृहस्थ म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला. "ती खूश आहेत. प्रश्न सासूबाईंचा आहे."

सपाट पडद्यामागे उभा राहून हे ऐकत होता. काउंटरवालीनं पडदा बाजूला केला. "हे चित्रकार," ती म्हणाली. "रंग यांचा नाही, दात मात्र यांचे आहेत."

गृहस्थांना सासूबाईंसाठी दुकानातली सगळ्यात महागडी छत्री देण्यात आली, आणि तो धुतलेला टी-शर्ट सपाट घरी घेऊन गेला. वडिलांनी तो खिडकीशी नेला, नखानं खरवडला, थुंकी लावून चोळला.

"काळा पक्का आहे. पांढराही ठीक. हिरवा म्हणजे नुसती भाजी," ते म्हणाले. मग बराच वेळ त्या दातांकडे बघत राहिले. "पाट्यांचं असंच व्हायचं. वरचा रंग कच्चा असला की उन्हानं उडायचा आणि खालची जुनी पाटी वर यायची. एका दवाखान्याच्या पाटीतून 'येथे जोडे शिवून मिळतील' निघालं होतं. डॉक्टर माझ्याशी वर्षभर बोलला नाही."

सपाटला त्या रात्री झोप आली नाही. सकाळी तो काउंटरवालीकडे गेला आणि म्हणाला, "नवीन मगर काढायचीय. पण आधी मला सांगा, कुठे काढू."

"म्हणजे?"

"अंगावर कुठे बसेल, ते."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातातला खडू काढून घेतला आणि स्वतःच्याच टी-शर्टावर दोन रेघा ओढल्या. "इथपासून इथपर्यंत तुमची मगर. याच्या वर आली तर खडू डोक्यात घालीन."

त्यानं मगर आडवी काढली, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत आळसावून पडलेली, आणि तिचं पोट नेमकं माणसाच्या पोटावर आणलं, म्हणजे ज्याचं सुटलंय त्याची मगर जेवलेली दिसेल. मग तिच्या पोटात, हिरव्याखाली झाकला जाईल असा, पक्क्या काळ्या रेघेनं एक माणूस काढला. खुर्चीवर पायावर पाय टाकून बसलेला, कानाला फोन, छातीची बटणं उघडी, डोळ्यांवर काळा चष्मा, ओठांवर चपट्या ब्रशासारखी मिशी. टी-शर्ट घेताना नुसती मगर दिसेल. धुतला की मगर जाईल आणि तिनं काय खाल्लंय ते दिसेल.

काउंटरवालीनं चित्र पाहिलं. "हा साहेबांचा मेव्हणा आहे."

"नाही हो. कुणीतरी माणूस."

"कुणाला कळलं नाही तर विकला जाणार नाही, आणि कळलं तर तुमची नोकरी जाईल. शिवाय लोक इथून आठवण घेऊन जातात, धुण्याची वाट बघत नाहीत. हे चालायचं नाही, चित्रकार."

यात ती साफ चुकली. माल लागला, मुकाट्यानं विकला गेला, आणि काही दिवसांनी एक पोरसवदा आई दुकानात आली, आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्या मगरीतून माणूस निघाला." तिच्यामागून आणखी आल्या. शाळांमधून बातमी पसरली. पोरं धुण्याच्या टबाभोवती उकिडवी बसू लागली. ज्या घरांत पुरुषांनी जन्मात साबणाला हात लावला नव्हता, तिथे बाप बाह्या वर करून टी-शर्ट पिळताना दिसले. सगळ्यांच्या घरी हिरवं पाणी गटारातून वाहायचं, पण आता त्याबद्दल कुणी तक्रार करेना. माल संपे, नवा येई, तोही संपे. साहेब दुकानात येऊन उगाच हँगर सरळ करत उभे राहू लागले.

आणि मग मेव्हणा आला. त्यानं कुठेतरी धुतलेला टी-शर्ट पाहिला होता आणि तो मागून घेतला होता. तो काउंटरवर पसरून त्यानं काळा चष्मा काढला.

"हा कोण?"

"मगरीच्या पोटातला माणूस," काउंटरवाली म्हणाली.

"कुणासारखा तरी वाटतोय."

"मगरीला विचारायला हवं. तिनं जवळून बघितलाय."

सपाट पडद्यामागे नव्हता. या वेळी तो तिच्याशेजारी उभा होता. मेव्हणा चित्राकडे बघत राहिला. मिशी चाचपली. पण त्याला झोंबलं ते भलतंच.

"आणि हिरवा गेला कुठे?" त्यानं विचारलं.

काउंटरवालीनं बाहेरच्या गटाराकडे बोट दाखवलं.

"म्हणजे माझा रंग जातो, याच्यावर धंदा चाललाय तुमचा? सगळ्या गावात पोरंसोरं माझा रंग धुवून दाखवतायत?" त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आमच्या घराण्याला आजवर कुणी असं बोललं नव्हतं."

बोलले सगळेच होते, त्याच्यासमोर नव्हते एवढंच. पण माणूस खरंच दुखावला होता. तो गेला, आणि पुढचा माल आला तो उघडून पाहिल्यावर साहेबांनी शिपायाला विचारलं, चुकून दुसऱ्याचं गाठोडं तर आणलं नाहीस ना. कापड जाड, मऊ, शिवण दुहेरी. हिरवा तर असा गडद की हात लावायला भीती वाटावी. मेव्हण्यानं ईर्ष्येला पेटून रंग बदलला होता.

आठवड्याभरात तक्रारींची रांग लागली. माणूस निघत नाही. काउंटरवाली सांगून दमली: गरम पाणी घ्या, सोडा टाका, रात्रभर भिजवा, उन्हात घाला. एका बाईनं तर टी-शर्ट दगडावर आपटून आपटून त्याच्या चिंध्या केल्या आणि त्या चिंध्या आणून दाखवल्या. प्रत्येक चिंधीवर मगर तशीच टवटवीत होती.

"आयुष्यात पहिल्यांदा चांगला माल आला," साहेब डोकं धरून म्हणाले, "आणि पहिल्यांदाच सगळा परत येतोय." त्यांनी मेव्हण्याला फोन करून विनवलं, आधीचाच रंग पाठवा. मेव्हणा म्हणाला, आता मी मेलो तरी त्या रंगावर खाली येणार नाही.

तेव्हा साहेबांनी सपाटला बोलावून सांगितलं, "तू आत घातलास, तूच बाहेर काढ."

सपाटनं काढला. मगर तीच, कुशीपासून कुशीपर्यंत, पण माणूस आता तिच्या पाठीवर. तशीच खुर्ची, तसाच फोन, तीच मिशी, वरच्या वर, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा. छापायला पाठवताना त्यानं आडोशातले आपले ब्रश पिशवीत भरून ठेवले होते, कारण आता आपल्याला इथे ठेवत नाहीत याची त्याला खात्री होती.

मेव्हणा पुन्हा आला. टी-शर्ट हातात धरून उजेडाकडे नेला. मग आरशाकडे नेला. मग म्हणाला, "यातले मला माझ्या सगळ्या नातेवाइकांसाठी पाहिजेत. मापं लिहून घ्या." जाता जाता थांबला आणि सपाटला म्हणाला, "डावीकडची मिशी जरा जाड कर."

त्यानंतर पार्कात वाईट कापड कधी आलं नाही. स्वतःचं तोंड असलेला माल तो फाटका कसा देणार? लादी पुसायचं कापड मात्र पूर्वीसारखंच येत राहिलं.

याच सुमारास सपाटनं मालाच्या खोलीत, गठ्ठ्यावर बसल्या बसल्या, तिच्याकडे न बघता विचारलं, "लग्न करायचं का?"

"कुणाशी?"

"माझ्याशी."

"मग तसं विचारा ना. तुमचं नेहमी अर्धंच छापलेलं असतं." तिनं हातातला टी-शर्ट घडी घालून बाजूला ठेवला. "हंगाम संपू दे. आत्ता काउंटर सोडता यायचं नाही."

हंगाम संपल्यावर त्यांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या. वडिलांनी जाड चष्म्यातून सुनेची सही पाहिली आणि वळणदार आहे म्हणाले. ती घरी आली, आणि आल्या आल्या तिचं आणि सासऱ्यांचं असं गूळपीठ जमलं की सपाटला जेवताना स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटू लागलं. दोघं मिळून त्याची टिंगल करत आणि मग त्यालाच मीठ वाढायला लावत.

एकदा ती म्हणाली, वर्षानुवर्षं बिघडलेले, फुकटचे टी-शर्ट घालून फिरताय, एक धड सदरा शिवते तुम्हाला. टेप घेऊन तिनं त्याला उभं केलं. खांदे मोजले, परत मोजले.

"तुमचा उजवा खांदा खाली आहे."

"छे."

"अहो, चांगला बोटभर खाली आहे."

"शिडी," वडील खुर्चीतून म्हणाले. "लहानपणापासून माझी शिडी त्याच खांद्यावर वाहिली त्यानं." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला वाटलं होतं, वाढेल तसा सरळ होईल."

सपाट आरशासमोर गेला आणि एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर वळून स्वतःला बराच वेळ बघत राहिला. तिनं सदरा त्या खांद्याच्या मापानं शिवला, एक बाजू किंचित खाली, आतून पट्टी लावून, त्यामुळे तो अंगावर कुठेच ओढला जाईना आणि सपाट आपोआप ताठ उभा राहू लागला. तो घालून कामावर गेला तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्याला हटकलं आणि पास मागितला. माणूस ओळखीचा वाटतोय, पण जरा उंच आहे, म्हणाला. सपाटनं मुकाट्यानं पास दाखवला.